पांढऱ्या सालीचं नाव

मे महिन्याच्या सुरुवातीला ओस्लोत जरा ऊन पडलं की सगळं गाव बाहेर येऊन बसतं आणि माझी भाची घरात दारं-खिडक्या लावून बसते. तिला बर्च नावाच्या झाडाच्या परागकणांची ॲलर्जी आहे. तिकडे हा त्रास इतका सर्रास आहे की हवामानाच्या बातम्यांबरोबर परागकणांचाही अंदाज येतो: आज बर्च किती, उद्या किती. कच्चं सफरचंद खाल्लं तरी तिच्या घशाला खाज सुटते, कारण बर्चच्या परागकणातल्या एका प्रथिनाचा सख्खा भाऊ सफरचंदात असतो. शिजवलं की तो निकामी होतो. त्यामुळे त्या घरात वसंत ऋतूत सफरचंदाचा शिरा होतो, आणि तो चांगलाही लागतो.

"मावशी, ती खिडकी नको उघडूस गं, ब्योर्क सुरू झालंय," असं ती नाक पुसत म्हणाली. 'ब्योर्क' हे बर्चचं नॉर्वेजियन नाव. मी म्हटलं, "अगं, हे आपलंच भूर्ज." तर म्हणाली, "आपलं असेल तर जाताना घेऊन जा."

तिचं बरोबर होतं. पण माझंही चूक नव्हतं.

जर्मनीत या झाडाला बिर्के म्हणतात, हॉलंडमध्ये बेर्क, डेन्मार्कात बिर्क, स्वीडन, नॉर्वे आणि आइसलंडमध्ये ब्योर्क. इंग्रजीत बर्च. स्कॉटलंडात आणि उत्तर इंग्लंडात जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'बर्क' असतं. दक्षिणेकडच्या इंग्रजीने शब्दाअखेरचा क चावून त्याचा च केला. तिथे जे चर्च आहे ते स्कॉटलंडात कर्क आहे, त्यातलाच हा प्रकार. या सगळ्या भाषांच्या जर्मनिक कुटुंबाबाहेर पडलं तरी शब्द पाठ सोडत नाही: लिथुआनियात बेर्झास, रशियात बिर्योझा. आणि मग मधला हजारो कोसांचा पट्टा ओलांडून थेट हिमालयात भूर्ज.

इथे जरा थांबायला हवं, कारण नुसत्या कानावर भरवसा ठेवला की माणूस वाहवत जातो. 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' छापाच्या व्युत्पत्त्या आपल्या प्रत्येकाच्या कौटुंबिक ग्रुपवर सकाळच्या फुलांबरोबर येतच असतात. ऐकायला सारखं वाटणं हा पुरावा नव्हे. पुरावा असतो तो फरकांच्या शिस्तीत. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि त्याच्यापाठोपाठ १८२२ मध्ये याकोब ग्रिमने (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तो हाच) ही शिस्त मांडली. संस्कृत आणि या युरोपी भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिच्यातल्या 'भ'चा जर्मनिक भाषांत ब होतो: भ्राता आणि ब्रदर, 'भरति' आणि बेअर. संस्कृतात जिथे ज आहे, तिथे जर्मनिकमध्ये पुष्कळदा क सापडतो. जन आणि किन. जानु आणि नी. इंग्रजी 'नी' लिहिताना पुढे जो मुका के काढतात तो हाच, आणि जर्मन माणूस तो आजही नीट उच्चारून 'क्नी' म्हणतो. आता हे दोन्ही नियम भूर्जला लावून पाहा. भचा ब, जचा क, मधला र जागच्या जागी. ब्योर्क, बिर्के, बेर्क आपोआप समोर येतात.

भूर्जमधला दीर्घ ऊ हासुद्धा उगाच नाही. पूर्ण आणि फुल, ऊर्णा आणि वूल या जोड्यांतही संस्कृतच्या बाजूला असाच दीर्घ ऊ आणि त्याच्या मागोमाग र आहे. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की अशा जागी मुळात घशातून निघणारा एक ध्वनी होता. तो पुढे गळाला आणि जाताना स्वर लांबवून गेला. शाळेत शुद्धलेखनात 'भुर्जपत्र' असं ऱ्हस्व लिहून मी मार खाल्लेला आहे. त्या दीर्घ उकारामागे पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी घसा होता हे बाईंनी सांगितलं असतं तर मार जरा सोपा गेला असता.

या सगळ्या नावांच्या मुळाशी जो धातू मानतात त्याचा अर्थ चमकणं, पांढरं दिसणं. संस्कृतातला भ्राज् तिथलाच, इंग्रजीतला ब्राइटही तिथलाच. रॉबर्ट, अल्बर्ट, बर्था ही नावं धारण करणारी माणसं ब्राइटच्याच नात्याने या झाडाची दूरची भावंडं लागतात. म्हणजे या झाडाला कुणी खास नाव ठेवलंच नव्हतं. काळ्या-तपकिरी खोडांच्या गर्दीत हे एक पांढरं दिसलं, म्हणून 'ते पांढरं' असं कुणीतरी बोट दाखवलं आणि तेच चिकटलं. सह्याद्रीत पानं झडल्यावर पांढराफटक उभा राहणारा कांडोळ बघून इंग्रजांनी त्याला भुताचं झाड म्हटलं, त्यातही विचार याहून खोल नव्हता.

हे पांढरेपण जवळून पाहण्यासारखं असतं. साल गुळगुळीत, आणि तिच्यावर खोडाला वेढा घालणाऱ्या काळपट आडव्या रेघा. झाड त्यांतून श्वास घेतं. सालीच्या कडेला एखादा पापुद्रा सुटून गुंडाळलेला असतो. तो नखाने धरला की आडवा आडवा सुटत जातो, आणि खाली आणखी पापुद्रे, सुतरफेणीसारखे एकात एक. आतल्या बाजूचा रंग फिकट गुलाबी-पिवळा. बोटाला पांढरी भुकटी लागते. ती बेट्युलिन नावाच्या द्रव्याची, आणि पांढरा रंगही त्याचाच. या सालीत पाणी शिरत नाही, ती लवकर कुजत नाही, आणि ओली असली तरी पेटते. हे तिन्ही गुण लक्षात ठेवा, कारण माझ्या मते शब्द टिकला तो यांच्यामुळे.

भाषा देशोधडीला लागतात तेव्हा झाडांची नावं सगळ्यात आधी घरंगळतात. इटलीत उतरलेल्या लोकांना खालच्या मैदानात बर्च दिसेना, तेव्हा त्यांनी ते जुनं नाव ॲश नावाच्या वेगळ्याच झाडाला देऊन टाकलं. लॅटिनचं 'फ्राक्सिनुस' ते हेच असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे बर्चशी पुन्हा गाठ पडली तेव्हा रोमनांना गॉल लोकांकडून 'बेतुला' हा शब्द उसना घ्यावा लागला. ग्रीकांनी तर जुना शब्द गमावलाच. बीच नावाच्या झाडाचं याहून गमतीचं. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ बीच, आणि ग्रीकमध्ये तोच शब्द ओकसाठी. उत्तरेकडे गेलेल्या जर्मनिक लोकांना मात्र बर्च कधी अंतरलाच नाही. स्कँडिनेव्हियात तर हिमयुगाचा बर्फ मागे हटला तसा जी झाडं पहिल्यांदा वर सरकली त्यांत हा होता. आणि आपल्याकडे आलेल्यांच्या बाबतीत असं झालं की मैदानात हे झाड नसलं तरी डोकं वर केलं की हिमालयात, साधारण तीन हजार मीटरच्या वर, देवदार संपता संपता ते पुन्हा उभं होतं. (देवदारातला 'दारु' आणि इंग्रजीतलं 'ट्री' हेही एकाच मुळाचे. पण त्यात शिरले तर हा लेख आज संपायचा नाही.)

या नावांवरून आर्यांचं मूळ घर शोधण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. बर्च थंडीतला, म्हणून घर थंडीत. बीच साधारण कालिनिनग्राड ते ओडेसा या रेषेच्या पूर्वेला उगवत नाही, म्हणून घर त्या रेषेच्या पश्चिमेला. लोकमान्यांनी १९०३ मध्ये थेट उत्तर ध्रुव गाठला, पण त्यांनी निदान उषःसूक्तं आणि तारे धरले होते, झाडं नाहीत. नाव एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारतं हे एकदा दिसल्यावर त्याच्या आधाराने नकाशावर रेघ ओढायला माझा हात धजत नाही. मला त्या लोकांचं घर कुठे होतं यापेक्षा घरावर छप्पर कसलं होतं हे अधिक आवडतं. आणि त्याचं उत्तर निदान अलीकडच्या काही शतकांपुरतं पाहायला मिळतं.

ओस्लोच्या बिग्दॉय भागात नॉर्वेच्या लोकजीवनाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. देशभरातली जुनी लाकडी घरं ओंडके सुटे करून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत. इ.स. १२०० च्या सुमाराचं एक लाकडी चर्चसुद्धा. त्यातल्या पुष्कळ घरांच्या छपरांवर गवत वाढलेलं असतं. फोटो काढणाऱ्यांचं लक्ष गवताकडे जातं, पण खरं काम गवताखाली असतं. उताराच्या फळ्यांवर बर्चच्या सालीचे तुकडे एकावर एक, कौलांसारखे पाणी ओघळेल अशा बेताने रचतात, आणि एकदा नाही तर अनेक थर. त्यावर गवतासकट उपटलेल्या मातीचे चौकोन दोन थरांत ठेवायचे, खालचा थर गवत खाली करून. ही माती घसरू नये म्हणून छपराच्या खालच्या कडेला एक आडवा ओंडका अडकवलेला असतो. साल पाणी अडवते, माती सालीला दाबून आणि झाकून ठेवते, गवताची मुळं मातीला धरून ठेवतात. असं छप्पर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जातं, आणि त्या वजनाने भिंतीचे ओंडके एकमेकांवर घट्ट बसून घरात वारा शिरत नाही.

साल काढायची ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना, म्हणजे ती सहज सुटते. पण नवी साल उन्हात ठेवली की लगेच वळायला लागते. म्हणून छप्पर घालायचं काम एका दमात उरकावं लागे आणि त्यासाठी शेजारपाजार गोळा होई. नॉर्वेत अशा बिनपैशाच्या सामूहिक कामाला 'दुगनाद' म्हणतात. भाचीच्या सोसायटीत आजही वर्षातून एकदा दुगनाद असतो. त्यात अंगण झाडतात, आणि न येणाऱ्याकडे आपल्याकडच्यासारखंच रोखून बघतात.

आता काश्मीर. श्रीनगरची जुनी घरं आणि मशिदी यांच्या छपरांत अगदी हेच आहे: लाकडी फळ्या, त्यावर भूर्जाच्या सालीचे थर, त्यावर माती, आणि वसंतात त्या मातीत उगवणारे ट्युलिप आणि आयरिस. तिथे या सालीला 'बुर्झा' म्हणतात. नॉर्वेचा सुतार आणि झेलमकाठचा सुतार यांची कधी गाठ पडली असेल असं मानायचं कारण नाही. एक जण सालीला ब्योर्कची साल म्हणत होता, दुसरा बुर्झा. दोघांनाही छप्पर गळायला नको होतं. मला हे कुठल्याही मूळ घराच्या नकाशापेक्षा मोठं वाटतं. जी वस्तू रोज हाताला लागते तिचं नाव तोंडातून जात नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाकडेही बर्चच्या सालीच्या दोन डब्या होत्या. त्यातल्या एकीत मेपलच्या पानांत गुंडाळून निखारे ठेवलेले असावेत, आणि त्याच्या बाणांची पाती बर्चच्या डांबराने चिकटवलेली होती. तो कुठली भाषा बोलत होता कोण जाणे. झाड मात्र त्याला ओळखीचं होतं.

आता दोन्हीकडे हे संपत आलंय. नॉर्वेत गवताखाली सालीच्या जागी प्लास्टिकची जाड शीट घालतात. काश्मीरात टिनचं छप्पर आलं. भूर्जपत्र गेलं, पत्रा आला.

भूर्जपत्र म्हणताना आपण मराठी माणसं आणखी एक गंमत करतो. ते पत्र नाही, म्हणजे पान नाही. ती साल आहे. आपण झाड कधी पाहिलं नाही, पाहिली ती काष्ठौषधींच्या दुकानातली, ताईतात घालायला घेतलेली चिंधी, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. कालिदासाला दोन्ही ठाऊक होतं. 'विक्रमोर्वशीयात' उर्वशी राजाला भूर्जपत्रावर प्रेमपत्र लिहिते, पण 'कुमारसंभवा'त हिमालय वर्णन करताना तो चोख 'भूर्जत्वचः' म्हणतो, त्वचा. त्यावर धातुरसाने उमटवलेली अक्षरं हत्तीच्या कातडीवरच्या लाल ठिपक्यांसारखी दिसतात आणि विद्याधरांच्या बायका ती साल प्रेमपत्रांना वापरतात. जर्मनीत ऱ्हाइनच्या काठी आजही ३० एप्रिलच्या रात्री पोरं जंगलातून कोवळा बर्च आणतात, त्याला रंगीत क्रेप कागदाच्या फिती बांधतात आणि आवडत्या मुलीच्या दारात नेऊन बांधतात. लीप वर्षी हे काम मुलींनी करायचं. लिहायची दगदग नाही, अख्खं झाडच पाठवायचं.

त्याच झाडाच्या डहाळ्यांची जुडी करून इंग्रजांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना फोडून काढलं, हेही सांगायला हवं. इंग्रजीत 'बर्च' हे क्रियापदसुद्धा आहे. ब्रिटनमध्ये कोर्टाने द्यायची ही शिक्षा १९४८ मध्ये बंद झाली. आयल ऑफ मॅन या बेटावर ती पुढेही चालू राहिली, आणि १९७८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ती मानहानीकारक ठरवली.

जर्मनिक लोकांच्या जुन्या रूनलिपीत ब या अक्षराचं नावच बर्च आहे. जुन्या इंग्रजीतलं एक रूनकाव्य अक्षरागणिक एक कडवं देतं. त्यातलं बर्चचं कडवं म्हणतं, याला फळ नाही, बीजावाचूनच याला धुमारे फुटतात. बर्चला तर बी असतं, आणि भरपूर असतं. त्यामुळे कवीच्या डोळ्यांसमोर बहुधा पॉपलर होता असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे झाड अंगणात असूनही नाव जरा घसरलंच. या काव्याची मूळ पोथी १७३१ साली लंडनच्या कॉटन ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीत गेली. १७०५ मध्ये ती कुणीतरी छापून ठेवली होती म्हणून आपल्याला कळते.

गावांच्या नावांत हे झाड जिथे तिथे आहे. स्वीडनमधल्या उमेओ गावात १८८८ मध्ये मोठी आग लागली. गाव पुन्हा उभारताना रुंद रस्त्यांच्या दुतर्फा बर्च लावले, आग एका घरावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून, आणि ते आज बर्चचं शहर म्हणवून घेतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत शिकणारी मराठी मुलं ज्या नावाचा टी-शर्ट घालून फिरतात ते एका तत्त्वज्ञ बिशपचं आडनाव. ते आडनाव आलं इंग्लंडातल्या एका गावावरून, आणि गावाच्या नावाचा अर्थ बर्चच्या रानातली मोकळी जागा. स्टॉकहोमजवळच्या मेलारेन सरोवरात व्हायकिंगांचं बिर्का नावाचं व्यापारी ठाणं होतं, ते ज्या बेटावर होतं त्याचं नाव ब्योर्क-ओ, बर्चबेट. याच सरोवरातल्या हेल्यो या दुसऱ्या बेटावर उत्खननात काशाची एक छोटी बुद्धमूर्ती सापडली. सहाव्या शतकाच्या आसपासची, आपल्या वायव्येकडच्या डोंगराळ भागात घडवलेली. कुणाच्या पडशीतून, किती हात बदलून गेली, सांगता येत नाही. पण भूर्जाच्या मुलखातून ती ब्योर्कच्या मुलखात पोचली एवढं खरं.

आणि एक नाव टाळता येत नाही. पोलंडमधल्या ब्झेझिंका गावाचं नाव बर्चवरून आलं. जर्मनांनी त्याला दिलेलं नावही बर्चवरूनच: बिर्केनाउ, बर्चचं कुरण. ऑशविट्झ या नाझींच्या मृत्युछावण्यांमधली सगळ्यात मोठी छावणी तिथे होती. व्युत्पत्ती सांगून झाल्यावर पुढे काही लिहिता येत नाही असं हे गाव आहे.

पुण्याला या गोष्टीत एक कोपरा आहे. १८७५ मध्ये गेओर्ग ब्यूलर हा मुंबई सरकारच्या नोकरीतला जर्मन पंडित पोथ्या शोधायला काश्मीरला गेला. त्याने आणलेल्या पोथ्या पुढे भांडारकर संस्थेकडे आल्या. त्यात शारदा लिपीत भूर्जावर लिहिलेला ऋग्वेद आहे. मॅक्स म्युलरने आपल्या आवृत्तीसाठी त्याचा काही भाग वापरला होता. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंदीत घेतलं, त्यातलं हे एक. ब्यूलर आणि म्युलर दोघेही लहानपणापासून त्या झाडाला बिर्के म्हणत आलेले. आपल्या अहवालात ब्यूलरने एक भलतीच व्यवहारी तक्रार लिहून ठेवली आहे. अकबराच्या काळात काश्मीरात कागद आला आणि लिहिण्यासाठी साल तयार करायची विद्या लोक विसरले, हे तो सांगतोच. पण त्याचा खरा राग पोथ्या बांधण्याच्या पद्धतीवर आहे. काश्मिरी लोक भूर्जाच्या पोथ्या आपल्या सुट्या पानांच्या पोथ्यांसारख्या फळ्यांत ठेवून फडक्यात बांधत नाहीत. ते त्या पुस्तकासारख्या खरखरीत गावठी चामड्यात बांधतात आणि फळीवर उभ्या ठेवतात. चामडं सालीला घासतं, आणि पहिली-शेवटची पानं भुगा होऊन जातात. पोथीचं आणि लिहिणाऱ्याचं नाव बहुधा याच पानांवर असतं.